सहा ओळींची जागा

आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी सगळे जण डोळे मिटतात. आमचे खजिनदार एकच डोळा मिटायचे. दुसरा अर्पणाच्या थैलीवर असायचा. हे मला कसं कळलं, तर एका रविवारी मीही मधेच डोळे उघडले आणि आमची नजरानजर झाली. उपासना संपल्यावर ते पायऱ्यांशी माझी वाट बघत उभे होते.

"बाई, प्रार्थनेत डोळे काहून उघडले होते तुम्ही?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी माझ्या कामावर होतो. तुमचं काय काम होतं, ते विचारून राहिलो."

मी पायऱ्या उतरून चालू लागले. पुढे चार वर्षं मी चर्चच्या ट्रस्टची सचिव म्हणून त्यांच्याबरोबर काम केलं, आणि त्या चार वर्षांतही त्यांच्या प्रश्नांना माझ्याकडे बहुतेक वेळा उत्तर नसायचं. याचा मला राग यायचा. अजूनही येतो.

ते रेल्वेतून निवृत्त झालेले. सारी नोकरी पार्सल ऑफिसात नुकसानभरपाईचे दावे तपासण्यात गेली. नरखेडकडून संत्र्यांच्या पेट्या निघायच्या, दूरच्या गावी पोचेपर्यंत काही सडायच्या, काही गायब व्हायच्या, आणि प्रत्येक व्यापारी शपथेवर सांगायचा की भरताना एकूण एक फळ निवडून घेतलं होतं. तीस वर्षं असल्या शपथा ऐकून त्यांना शपथेचाच वीट आला होता. "पेटीचा वरचा थर पाहून जो सही करते, तो एक तर भोळा असते, नाही तर वाटेकरी," असं ते म्हणायचे. मला ते कोणत्या गटात धरतात, हे विचारायचं धाडस मी केलं नाही.

शरीरानं काटकुळे. मे महिन्याच्या नागपुरी उन्हातही पूर्ण बाह्यांचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट. खिशाला दोन पेनं असायची, एक सहीचं आणि दुसरं लोकांना द्यायचं. दुसऱ्याच्या पेनानं त्यांनी कधी सही केली नाही, कारण आजकाल उडून जाणारी शाई मिळते असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. घरी लग्नपत्रिका आली तरी ते मागची बाजूसुद्धा वाचून काढत. वसतिगृहाच्या पडद्यांसाठी आम्ही गांधीबागेत कापड घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी घरून टेप आणला होता. दुकानदार म्हणाला, "काका, आमच्या मीटरवर सरकारी शिक्का आहे." त्यावर यांनी आधी तो मीटर मोजला, मग कापड. मी लाजेनं रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले.

आमचा ट्रस्ट तसा लहान. एक चर्च, त्यामागे मुलींचं वसतिगृह आणि मधे मैदान. कुही आणि नरखेड तालुक्यांतल्या खेड्यांतून मुली शिकायला येतात. गावात सातवीच्या पुढं शाळा नसते, किंवा असते पण बस नसते. संध्याकाळी त्या मैदानावर पळतात, तिथंच दोऱ्या बांधून कपडे वाळवतात आणि परीक्षेच्या दिवसांत पुस्तक हातात घेऊन फेऱ्या मारत पाठ करतात. शहराच्या त्या भागात एवढी मोकळी जागा आता दुसरी उरलेली नाही, आणि ही गोष्ट आमच्यापेक्षा बाहेरच्यांना जास्त नीट ठाऊक होती.

खजिनदार झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर धर्मादाय कार्यालयात जाऊन आमच्या ट्रस्टचा उतारा काढला. त्यात सात विश्वस्तांची नावं होती आणि त्यांतले सहा जण मरून गेलेले होते. झालं असं होतं की आमच्या मंडळीत विश्वस्त गेला की त्याच्या आठवणीसाठी बाक द्यायचा, भिंतीवर पाटी लावायची आणि "यांचं नाव आपल्यात कायम राहो" असा ठराव करायचा, ही जुनी पद्धत. नाव कायम राहो म्हटल्यावर कार्यालयात जाऊन ते कमी करायचा अर्ज कोण करणार? पाळकसाहेबांनाही, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनाही, ते बरं वाटेना. म्हणाले, "ते प्रभूजवळ गेले आहेत, आपल्यातून गेले नाहीत."

"साहेब, प्रभूजवळून त्यांची सही आणता येईल का?" खजिनदारांनी विचारलं. "उद्या कोणी या जागेवर हक्क सांगत आला, तर सरकारच्या कागदात आपल्याकडून बोलणारं जिवंत माणूस एकच आहे, आणि त्याले ऐकू येत नाही."

मग आम्ही दोघं सहा मृत्यूचे दाखले गोळा करत हिंडलो. एका घरी तर त्यांनी विधवा बाईंना, "गेले ते नक्की ना?" असं विचारलं. मी त्यांच्या शर्टाची बाही ओढली. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तारीख विचारून राहिलो मी, दुसरं काही नाही." पण दीड वर्षानं बदल अर्ज मंजूर झाले. उताऱ्यावर आमची नावं आली, त्यांचं खजिनदार म्हणून आणि माझं सचिव म्हणून. त्यांनी तो उतारा मला तीनदा वाचायला लावला.

मंडळीत ते कोणालाच आवडत नव्हते, आणि त्यासाठी त्यांनी कष्टही पुष्कळ घेतले होते. कापणीच्या सणाला आमच्याकडे लोक भाज्या, फळं, कोंबड्या आणतात, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एका वर्षी एका कंत्राटदारानं मोठ्या ऐटीत एक भोपळा पाच हजारांना घेतला आणि करात सूट मिळायची पावती मागितली.

"भोपळा घरी नेऊन राहिले ना तुम्ही?" खजिनदारांनी विचारलं.

"हो, मग?"

"मग ही खरेदी झाली. खरेदीले सूट नसते. शिवाय रोख दिले तुम्ही. दोन हजारांच्या वर रोखीले सूट नाही."

बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी कंत्राटदारानं रागानं भोपळा टेबलावर आदळला, पैसे परत घेतले आणि तेवढ्याच रकमेचा चेक फाडून दिला. खजिनदारांनी पावती लिहिली, चेकवरची तारीख तपासली आणि भोपळा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पाठवून दिला. मुलींना दोन दिवस भाजी पुरली. कंत्राटदार मात्र पुढच्या वर्षी सणाला आला नाही.

आणखी एक. वसतिगृहात वाढलेली एक मुलगी आखातात नर्स आहे. तिनं पाण्याच्या टाकीसाठी पैसे पाठवायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांचे डोळे भरून आले. खजिनदारांनी तिला पासपोर्टची झेरॉक्स मागितली. पाळकसाहेब इतके दुखावले की त्यांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. पण पासपोर्ट भारताचा निघाला आणि पैसे घेतले गेले. दुसरे एक गृहस्थ अमेरिकेत जाऊन तिथले नागरिक झालेले होते. त्यांनी पाठवलेले पैसे यांनी परत केले, कारण परदेशी नागरिकाकडून देणगी घ्यायला वेगळी नोंदणी लागते आणि ती आमच्याकडे नव्हती. त्या गृहस्थांचं इथलं कुटुंब तेव्हापासून चर्चमध्ये दुसऱ्या बाजूच्या बाकांवर बसू लागलं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की माझी जी गोष्ट झाली ती कळावी. मी तोवर त्यांच्यावर हसणाऱ्यांत होते.

आमच्या कमिटीची सभा रविवारी उपासनेनंतर व्हायची. तोवर दुपारचा एक वाजलेला असायचा आणि सगळ्यांना भूक लागलेली असायची. म्हणून चहाबरोबरच प्रोसिडिंग बुक फिरायचं, लोक कोऱ्या पानाच्या तळाशी सह्या करायचे आणि उठायचे. वर काय ठरलं ते सचिवानं सावकाश घरी लिहायचं. ही रीत माझ्या आधीपासूनची होती. एकटे खजिनदार सही करत नसत. ते मंगळवारी माझ्या घरी येत, मी लिहिलेलं उभ्यानंच वाचत, मग आपल्या पेनानं सही करत. पाणीसुद्धा घेत नसत.

आमचे उपाध्यक्ष त्यांच्या अगदी उलट. गोड माणूस, सगळ्यांच्या लग्नाकार्यात पुढं. त्यांची स्वतःची शाळा होती आणि तिथं मी शिक्षिका होते. माझी नेमणूक दरवर्षी एप्रिलमध्ये नव्यानं व्हायची. नवऱ्याची नोकरी सुटलेली, मुलगी बारावीला. एका सभेनंतर ते हळूच म्हणाले, "ताई, चौथ्या विषयाच्या खाली पाच-सहा ओळी सोडून द्या ना. एक छोटा विषय राहून गेला, वकिलाले विचारून मी सांगतो तुम्हाले."

मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. एक लॉनवाला मैदानासाठी मागे लागला आहे, लग्नाचा लॉन आणि पार्किंग, एकोणतीस वर्षांचा भाडेकरार, असं महिनाभर कानांवर येत होतं. मी ओळी सोडल्या. मोजून सहा.

मंगळवारी खजिनदार आले. पान वाचता वाचता त्यांचं बोट त्या जागेवर थांबलं.

"हे काय?"

"चुकून सुटलं. मारते रेघ नंतर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्याच्या वरून, बराच वेळ. मग सही केली, खिशातून मोबाईल काढून काहीतरी बघितलं आणि गेले. मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी उपाध्यक्षांनी झेरॉक्स काढायला म्हणून पुस्तक मागवून घेतलं.

तीन महिन्यांनी धर्मादाय कार्यालयाचं पत्र आलं. मैदान लॉनवाल्याला एकोणतीस वर्षांसाठी भाड्यानं द्यायला परवानगी मिळावी, असा आमच्या ट्रस्टच्या नावानं अर्ज झाला होता. तीन वर्षांच्या वर जागा द्यायची तर ही परवानगी लागते. सोबत ठरावाची प्रत होती. सहा ओळी, माझ्या अक्षरासारखं काढलेलं अक्षर, सर्वानुमते मंजूर, आणि खाली सगळ्यांच्या सह्या. माझीसुद्धा. मंडळीत दोन दिवसांत बोलणं सुरू झालं की सचिवबाईंनी पैसे खाल्ले. वसतिगृहाच्या मुलींनासुद्धा कोणी तरी सांगितलं असावं, कारण मी गेले की त्या बोलायच्या थांबत.

अर्जाविरुद्ध हरकत खजिनदारांनीच घेतली. उताऱ्यावर नाव होतं म्हणून त्यांना ती घेता आली. सुनावणीला मी त्यांच्याशेजारी बसले होते आणि ते माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी एक मोठा रंगीत फोटो टेबलावर ठेवला. माझ्या घरी, माझ्यासमोर, मोबाईल बघण्याच्या निमित्तानं काढलेला. पान तेच, सह्या त्याच, आणि चौथ्या विषयाखाली सहा ओळी कोऱ्या. अधिकाऱ्यांनी पुस्तक आणि फोटो शेजारी ठेवून पाहिले. शाईसुद्धा वेगळी होती.

"ही जागा कोणी सोडली?" त्यांनी विचारलं आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडायच्या आत खजिनदार बोलले. "साहेब, मी सही केली तेव्हा ठराव नव्हता, एवढा कागद मी आणला आहे. बाकी माझे संशय आहेत. ते मी रोजच घेऊन फिरतो."

अर्ज तिथंच मागे घेतला गेला. मैदान वाचलं. उपाध्यक्षांनी पुढच्या सभेत हसत सांगितलं की गैरसमज झाला, कोणीतरी अर्धवट लिहिलेलं पूर्ण केलं असेल, आपण सगळे भाऊबहीण आहोत. लोकांनी माना डोलावल्या. वर्षअखेरीच्या निवडणुकीत ते अध्यक्षपदाला उभे राहणार हेही त्याच सभेत ठरलं. अध्यक्ष झाले की अर्ज पुन्हा करायला त्यांना कोण अडवणार होतं? त्यांना अडवू शकेल असं माणूस एकच होतं, आणि ते एप्रिलच्या नेमणुकीची वाट बघत गप्प बसलं होतं.

दिवाळीनंतर खजिनदार आजारी पडले. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा ते सलाईनच्या बाटलीवरची मुदत वाचायचा प्रयत्न करत होते. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्टुलावर बसून पेरू चिरत होत्या. त्या बाहेर गेल्याबरोबर मी सगळं सांगून टाकलं. जागा मी सोडली, कोणाच्या सांगण्यावरून सोडली, का सोडली.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "माहीत होतं मले."

"माहीत होतं? मग त्याच दिवशी तुम्ही रेघ का नाही मारली? पेन होतं तुमच्याजवळ."

"पेटी कोण उघडते ते पाहायचं होतं."

मला इतका संताप आला की माझा आवाज चढला. माझी बदनामी झाली, मुली माझ्याशी बोलेनात, मैदान जायची वेळ आली, आणि हा माणूस वाट बघत बसला होता. मी हे सगळं त्यांना ऐकवलं. आजारी माणूस समोर आहे याचंही मला भान राहिलं नाही.

ते थकले होते. डोळे मिटून घेतले, दोन्ही. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "मंगळवारी मी गेलो, तेव्हा वाटलं, मी गेल्यावर तुम्ही स्वतःच मारसान रेघ. रविवारी पुस्तक पाहू म्हटलं. रविवारी पुस्तक त्याच्याकडे होतं. तुमच्याबद्दल एवढं एक चांगलं वाटलं होतं मले."

मी विचारलं, "मी हे लिहून देऊ का तुम्हाला?"

"मले देऊन काय करसान? मी सांगितलं तर लोक म्हणतील, याले संशयाचा रोग आहे. तुमचं तुम्ही पाहा."

मला वाटलं होतं, ते कागद मागतील, सही घेतील, तारीख घालायला लावतील. त्यांनी काहीच मागितलं नाही. काकू परत आल्या तेव्हा त्यांनी पेरूची पहिली फोड मला द्यायला सांगितली. त्यानंतर अकराव्या दिवशी ते गेले.

निवडणुकीच्या सभेला चर्च भरलं होतं. उपाध्यक्षांचं नाव सुचवलं गेलं, अनुमोदन झालं, टाळ्या सुरू झाल्या. मी उठून उभी राहिले. माझ्याजवळ भाषण नव्हतं. मी सांगितलं की चौथ्या विषयाखालच्या सहा ओळी मी मुद्दाम सोडल्या होत्या, यांनी सांगितलं म्हणून, आणि माझी नोकरी यांच्या हातात होती म्हणून. टाळ्या मधेच राहिल्या.

उपाध्यक्ष हसले. अजूनही गोडच हसले. "ताई, तुम्हाले बरं नाही का? एवढं बोलून राहिल्या, याले पुरावा काय?"

"मी," मी म्हटलं. "चूक माझी आहे आणि पुरावाही मीच आहे."

पाळकसाहेब घसा खाकरू लागले, म्हणजे आता प्रार्थना होणार आणि विषय संपणार हे मला कळलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं काकू उठल्या. सभेत त्या कधी बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. पांढऱ्या साडीचा पदर सावरत त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, थांबा जरा. बाई, आता जे बोलल्या ते पुस्तकात लिहा. आमच्यासमोर लिहा."

मी टेबलाशी बसले. सगळं चर्च बघत होतं. पुस्तक उघडलं, तारीख टाकली, आणि पहिलं वाक्य माझ्याच नावानं सुरू करावं लागलं.